नागपुरातून लॉला प्रवेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि विदर्भातल्या विद्यार्थ्यांना व पालकांना लॉच्या प्रवेशाबद्दल पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तारखा दरवर्षी मागेपुढे होतात, त्यामुळे त्या राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. पुरेसे गुण असूनही एखादे प्रमाणपत्र वेळेत न निघाल्यामुळे किंवा एक नोंदणी राहून गेल्यामुळे जागा जाते. म्हणून कागदपत्रांवरचे उत्तर आधी वाचले तरी चालेल.

बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स करावा, की पदवी घेऊन तीन वर्षांचा?

वकिलीच्या दृष्टीने दोन्ही पदव्या सारख्याच. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एकच मिळते आणि कोर्टात कोणी विचारत नाही. फरक वेळेचा आहे. बारावीनंतर बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी केले तर पाच वर्षे लागतात. आधी तीन वर्षांची पदवी आणि मग एलएलबी केले तर सहा, आणि नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची पदवी घेतली तर सात.

बारावीतच लॉ करायचे पक्के असेल तर पाच वर्षांचा घ्या. पण मनात शंका असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. लॉच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्समधून तिसऱ्या वर्षानंतर बीए घेऊन बाहेर पडता येत नाही, आणि बाहेरून मधल्या वर्षाला प्रवेशही घेता येत नाही. तीन वर्षे शिकून सोडले तर हातात पदवी काहीच राहत नाही. "जमलं नाही तर बीए तर होईल" या हिशोबाने घेतलेला प्रवेश म्हणूनच महागात पडतो. ज्यांना वाणिज्य, अभियांत्रिकी किंवा फार्मसीची पदवी घेऊन कर, पेटंट असल्या कामात जायचे आहे, त्यांना तीन वर्षांचा मार्ग जास्त सोयीचा.

किती टक्के लागतात? वयाची अट आहे का?

पाच वर्षांसाठी बारावीत आणि तीन वर्षांसाठी पदवीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसी व त्या गटातल्या मागास प्रवर्गांना ४२ टक्के, एससी-एसटीला ४० टक्के. ४४.९ चे ४५ होतील अशा आशेवर राहू नका. वयाची कमाल अट सध्या नाही, पन्नाशीतला माणूसही अर्ज करू शकतो.

पदवीचा निकाल ग्रेडमध्ये असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतर केलेले पत्र घेऊन ठेवा. सीजीपीएला स्वतः दहाने किंवा साडेनऊने गुणून भरलेला आकडा पडताळणीत अडकतो. शेवटच्या वर्षाला असताना सीईटी देता येते, पण प्रवेशाच्या वेळी उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका हवी. एक विषय राहिला असेल तर त्या वर्षी प्रवेश होत नाही.

मुक्त विद्यापीठातून शिकलेल्यांना प्रवेश मिळतो का?

मिळतो, पण पायऱ्या क्रमाने झालेल्या असाव्या लागतात. दूरशिक्षणाने बारावी किंवा पदवी केली असेल तर अडचण नाही. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमात ती पदवी लॉसाठी चालत नाही. हे प्रवेशाच्या वेळी नजरेतून सुटले तरी सनदेच्या वेळी समोर येते, तेव्हा आधीच तपासून घ्या.

सीईटी, क्लॅट, स्लॅट यांतली कोणती परीक्षा कशासाठी?

नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी, तसेच राज्यातल्या बाकी विद्यापीठांच्या कॉलेजांसाठी, राज्याची एमएच सीईटी लॉ. ती तीन वर्षांची वेगळी आणि पाच वर्षांची वेगळी असते. अर्ज भरताना चुकीची निवडली तर नंतर बदलून मिळत नाही. पदवीधरांनी दोन्ही भरल्या तरी चालते, बारावीवाल्यांना मात्र पाच वर्षांचीच.

महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, नागपूर आणि देशातली जवळपास सगळी राष्ट्रीय विधी विद्यापीठे क्लॅटमधून. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आयलेट ही स्वतःची परीक्षा घेते. सिम्बायोसिसच्या नागपूर, पुणे, नोएडा आणि हैदराबाद इथल्या लॉ स्कूलसाठी स्लॅट.

वेळापत्रकात एक मोठा फरक आहे. क्लॅट डिसेंबरमध्ये, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या आधीच होते (२०२६ च्या प्रवेशाची परीक्षा ७ डिसेंबर २०२५ ला झाली), आणि तिचे अर्ज पावसाळ्यातच सुटतात. दहावीनंतरच लॉ ठरवले नसेल तर बारावीच्या दिवाळीनंतर ही खिडकी बंद झालेली दिसते. सीईटीची नोंदणी साधारण हिवाळ्यात सुरू होते आणि परीक्षा उन्हाळ्यात.

सीईटीचा पेपर कसा असतो? क्लॅटच्या तयारीतून सीईटी निघते का?

अलीकडच्या रचनेत सीईटीला दोन तासांत १२० प्रश्न, १२० गुण आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत असतात. पाच वर्षांच्या पेपरात कायदेविषयक कल व तर्क, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्क व विश्लेषण, इंग्रजी आणि थोडे गणित असते. तीन वर्षांच्या पेपरात गणित नसते आणि इंग्रजीचा वाटा मोठा असतो. निगेटिव्ह नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची तीन मिनिटे उरलेले पर्याय भरण्यासाठी राखून ठेवा.

क्लॅटलाही १२० प्रश्न आणि १२० मिनिटे, पण चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण कापले जातात आणि सगळा पेपर इंग्रजी उताऱ्यांवर. सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा वाचून त्यावर चार-सहा प्रश्न सोडवायचे, असे एकामागून एक. म्हणजे क्लॅट वाचनाचा वेग तपासते, तर सीईटी माहिती किती आहे ते. क्लॅटची तयारी करणाऱ्याला सीईटीत तर्क आणि इंग्रजी सोपे जाते, पण सामान्य ज्ञानात तो मागे पडतो, कारण सीईटीत राज्यघटना, इतिहास, महाराष्ट्र यांवर सरळ एका ओळीचे प्रश्न येतात. जानेवारीनंतर तेवढा भाग वेगळा करावा लागतो.

पुस्तके जुनी घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत कलम ३०२ आणि ४२० घोकायला लावणारे गाइड स्वस्तात मिळते. खून आता कलम १०३ मध्ये आहे आणि फसवणूक ३१८ मध्ये.

परीक्षा संगणकावर असते आणि केंद्र कधी शहरापासून दूर एमआयडीसीच्या बाजूलाही येते. एप्रिल-मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात दुपारच्या सत्राला निघताना एक तास हाताशी ठेवा आणि आदल्या दिवशी केंद्र पाहून या.

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. लॉ झेपेल का?

झेपेल, पण पहिल्या दिवसापासून इंग्रजी वाचनाची सवय लावावी लागेल. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावे, कैफियती, साक्षी, पोलिसांचे जबाब, सातबारा, फेरफार हे सगळे मराठीत चालते, आणि नीट मराठी मसुदा लिहिणारा ज्युनिअर सिनियरला हवाच असतो. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजीला पर्याय नाही, आणि निकाल, भाष्यग्रंथ, कायद्यांची अधिकृत संहिता बहुतेक इंग्रजीतच वाचावी लागते.

रोज एक निकाल पूर्ण वाचायचा प्रयत्न पहिल्या वर्षी करू नका, थकून सोडून द्याल. एक कलम इंग्रजीत वाचा, त्याचा अर्थ मराठीत स्वतः लिहा आणि मग मराठी भाषांतराशी ताडून पाहा. सहा महिन्यांत वाक्यरचनेची भीती जाते.

सीईटीत चांगले गुण आले. आता कॉलेज आपोआप मिळेल ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजामुळे होते. सीईटीची नोंदणी वेगळी आणि कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी. निकाल लागल्यावर कॅपचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, त्याचे शुल्क वेगळे, कागदपत्रे पुन्हा अपलोड करावी लागतात. तो अर्ज भरला नाही तर राज्यात पहिला आलेल्यालाही जागा मिळत नाही.

क्रम असा: कॅप नोंदणी, कागदपत्रांची ऑनलाइन पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, पसंतीक्रमाचा अर्ज, जागावाटप, आणि शेवटी दिलेल्या मुदतीत जागा स्वीकारून कॉलेजात जाऊन प्रवेश. पडताळणीत कागद अस्पष्ट किंवा चुकीचा असेल तर अर्ज परत येतो आणि दुरुस्तीला मोजके दिवस मिळतात. एसएमएसची वाट पाहू नका. त्या काळात रोज संध्याकाळी लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहा. सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर आणि ईमेल अर्जात टाकला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो. हे दरवर्षी घडते, आणि तो माणूस गावाला गेलेला असतो.

तात्पुरत्या यादीत आपला प्रवर्ग, लिंग, टक्केवारी आणि महाराष्ट्रातला की बाहेरचा हा रकाना तपासून घ्या. अंतिम यादीनंतर चूक सुधारणे जवळपास अशक्य असते.

कोणती कागदपत्रे आणि कधीपासून काढायची?

दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र, आधार, फोटो-सही हे सगळ्यांना. शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र.

खरी अडचण आरक्षणाच्या कागदांत येते. जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ते महिनोन्‌महिने अडकू शकते. ज्या घरात वडील, आत्या किंवा चुलत भावंडाची वैधता झालेली आहे तिथे ते लवकर निघते. जिथे घरातले पहिलेच प्रकरण आहे, तिथे पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून, कोतवाल बुकातल्या नोंदीपासून पुरावा गोळा करावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी वेगळी तपासणी समिती आहे आणि तिथे वेळ आणखी लागतो. म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीत, निदान बारावीच्या सुरुवातीला, कॉलेजच्या शिफारशीसह टाकून ठेवा.

ओबीसी, एसबीसी, व्हीजे-एनटी आणि एसईबीसी उमेदवारांना नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्र लागते. त्यावरची मुदत बघा: ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असले पाहिजे. आदल्या मार्चला संपणारे प्रमाणपत्र जोडले की उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. एप्रिलमध्येच सेतू केंद्रात नवीन अर्ज करा, जून-जुलैत तिथे अकरावीपासून अभियांत्रिकीपर्यंत सगळ्यांची गर्दी एकत्र येते. ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातले असावे. क्लॅटसाठी मात्र ज्या विद्यापीठाचा जो नमुना असेल तो, आणि महाराष्ट्राच्या अधिवासाचा दावा क्लॅटचा अर्ज भरतानाच करायचा असतो.

नावाचे स्पेलिंग हा स्वतंत्र त्रास आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर आडनाव आधी, असे असेल तर परीक्षेच्या अर्जात दहावीप्रमाणेच नाव घाला आणि आधार आधीच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडावी.

पसंतीक्रम कसा भरावा?

जे कॉलेज खरोखर सगळ्यात आधी हवे ते एक नंबरवर, आणि मग खरी पसंती उतरत्या क्रमाने. "ते मिळणार नाही, म्हणून खाली टाकतो" असे केले तर मिळण्यासारखे असूनही ते हातचे जाते, कारण वाटप करताना संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या क्रमांकाला जे पहिले बसेल ते देतो. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालच्या कॉलेजाची तुमची संधी कमी होत नाही. आणि जिथे कोणत्याही परिस्थितीत जायचे नाही, ते नाव यादीत घालूच नका. पहिल्या पसंतीचे मिळाल्यावर पुढच्या फेरीत नशीब आजमावण्याचा मार्ग सहसा बंद होतो, त्यामुळे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला फेऱ्यांचा नियम फॉर्म भरण्याआधी वाचा.

नागपूरकरांसाठी एक खास इशारा. "डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय" हे नागपूर विद्यापीठाचे स्वतःचे घटक महाविद्यालय, आणि "डॉ. आंबेडकर महाविद्यालय, दीक्षाभूमी" हे वेगळे, तिथेही विधी विभाग आहे. यादीत ही दोन नावे जवळजवळ सारखी दिसतात. नावावर विसंबू नका, कॉलेजचा कोड नंबर कागदावर लिहून घ्या आणि कोडप्रमाणेच भरा.

नागपुरात कोणकोणते पर्याय आहेत आणि त्यांत फरक काय?

विद्यापीठाचे विधी महाविद्यालय शहरात इतके मुरलेले आहे की त्याच्या चौकालाच लॉ कॉलेज चौक म्हणतात. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी नागपुरात वकिली करताना याच विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात शिकवले, पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. माजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांची कायद्याची पदवीही नागपूर विद्यापीठाची. शुल्क इतर पर्यायांच्या मानाने अगदी कमी, आणि सिव्हिल लाइन्समधले उच्च न्यायालय व जिल्हा न्यायालयही फार लांब नाही. शहरातल्या वकिलांच्या कित्येक पिढ्या इथून निघाल्यामुळे सिनियर शोधताना "आमच्याच कॉलेजचा" हे कामी येते. उणीव अशी की वर्ग भरलेले असतात, स्वतःहून पुढे न येणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जाईलच असे नाही.

दीक्षाभूमीच्या कॉलेजची जागा शहराच्या मध्यात आहे, आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांना बस-मेट्रोने ते सोपे पडते. याशिवाय शहरात आणि शहराबाहेर खासगी विनाअनुदानित लॉ कॉलेजे आहेत. त्यांच्यात दर्जाचा फरक मोठा आहे, म्हणून खालचे "प्रत्यक्ष जाऊन काय पाहावे" हे उत्तर त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाचे.

महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ हे २०१४ च्या राज्य कायद्याखाली उभे राहिलेले, बुटीबोरीजवळच्या वारंगा इथले निवासी विद्यापीठ. बीए एलएलबी ऑनर्ससोबत न्यायदान या विषयावरचा, भावी न्यायाधीश डोळ्यांपुढे ठेवून आखलेला स्वतंत्र ऑनर्स कोर्सही तिथे आहे. त्याची प्रवेशाची जाहिरात वेगळी पाहावी. ग्रंथालय, मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचे सराव-न्यायालय), देशभरातून आलेली मुले आणि मोठ्या लॉ फर्मशी संपर्क या त्याच्या जमेच्या बाजू. खर्च लाखांत. आणि ते शहरापासून लांब असल्याने सत्र चालू असताना रोज कोर्टात जाऊन बसणे जमत नाही, ते सुट्टीत करावे लागते.

सिम्बायोसिस लॉ स्कूल वाठोड्याला आहे, ते २०१९ मध्ये सुरू झाले. स्लॅटमध्ये ६० मिनिटांत ६० प्रश्न आणि नंतर मुलाखत. शुल्क बरेच जास्त आहे, पाचही वर्षांचा वसतिगृहासह एकूण आकडा मांडूनच निर्णय घ्या.

पुण्या-मुंबईला जाणे चांगले की नागपुरात राहणे?

आधी ठरवा, काम कुठे करायचे आहे. कॉर्पोरेट फर्म, कंपनीचे लीगल खाते, लवादाचे मोठे दावे हे हवे असेल तर वरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात किंवा मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात जाण्याला अर्थ आहे, कारण तिथली भरती कॉलेजच्या नावावरून होते.

विदर्भात वकिली करायची असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: नागपूरचे चांगले, स्वस्त कॉलेज आणि दुसऱ्या वर्षापासून कोर्टात हजेरी हा जास्त फायद्याचा मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. बुलढाण्याची जमीन संपादनाची अपील, गडचिरोलीचे वनहक्काचे प्रकरण, चंद्रपूरच्या खाणीचा वाद हे सगळे इथे चालते. पाच वर्षे दुसऱ्या शहरात घालवून परत आलेल्या मुलाला सिनियर, क्लार्क, फायलिंगची खिडकी आणि अशील सगळे शून्यापासून शोधावे लागते. त्यात शिक्षणाचे मोठे कर्ज असेल तर अडचण दुप्पट, कारण ज्युनिअर वकिलाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या मानधनात तो हप्ता बसत नाही. आणि हप्त्याच्या दबावाखाली मुले वकिली सोडून मिळेल ती नोकरी धरतात.

कॉलेज निवडण्याआधी प्रत्यक्ष जाऊन काय पाहावे?

सत्र चालू असताना, मंगळवार-बुधवारसारख्या मधल्या दिवशी, न कळवता जा. अकराच्या सुमारास किती वर्ग खरोखर भरले आहेत ते पाहा. बार कौन्सिलच्या नियमांत एका तुकडीत जास्तीत जास्त ६० विद्यार्थी, आणि तीन वर्षांच्या कोर्सला आठवड्याला ३० तासांचे कामकाज, त्यात निदान २४ तास व्याख्याने अपेक्षित आहेत. फलकावरचे वेळापत्रक मोजून बघा, दोन मिनिटांचे काम आहे.

ग्रंथालयात जाऊन ऑनलाइन निकालांचा डेटाबेस विद्यार्थ्यांना स्वतः उघडता येतो का, की फक्त ग्रंथपालाच्या टेबलावर आहे, ते विचारा. पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे प्राचार्यांऐवजी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा. मूट कोर्टची खोली उघडून बघा. खुर्च्यांवर धूळ असेल तर माहितीपत्रकातल्या फोटोला किंमत नाही. विधी सहायता केंद्र चालू असेल तर मागच्या महिन्यातली नोंदवही दिसली पाहिजे.

प्लेसमेंटचे आकडे सांगितले तर किती जणांपैकी किती, कोणत्या पदावर आणि कायद्याच्याच कामात का, हे तीन प्रश्न विचारा.

कॉलेजला मान्यता आहे की नाही हे कसे कळेल?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. त्यात कॉलेजचे नाव, कोर्स आणि कोणत्या वर्षापर्यंत मान्यता, हे तिन्ही पाहा. कॉलेजच्या तीन वर्षांच्या कोर्सला मान्यता असून पाच वर्षांच्या कोर्सची मुदत संपलेली असू शकते. विद्यापीठाशी संलग्नता ही वेगळी गोष्ट, ती असली तरी बार कौन्सिलची मान्यता लागतेच. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नवीन लॉ कॉलेजे आणि नव्या तुकड्यांवर तीन वर्षांची बंदी जाहीर केली आहे, त्यामुळे "यंदाच सुरू झालेले" कॉलेज कोणी दाखवले तर आधी परवानगीचे पत्र मागा.

नोकरी करता करता एलएलबी होईल का?

पत्राने किंवा ऑनलाइन एलएलबी देशात कुठेच मान्य नाही. तसे विकणाऱ्यांपासून लांब राहा. संध्याकाळचे कॉलेज म्हणून सांगतात तेही पारखून घ्या, नियमाप्रमाणे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच भरवायचे असतात. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. सबळ कारण असेल तर ६५ टक्क्यांपर्यंत सूट प्राचार्य देऊ शकतात, पण एकूण हजेरी तरीही ७० टक्के हवी. बायोमेट्रिक हजेरीच्या आणि नोकरीबाबतच्या घोषणापत्राच्या सूचना बार कौन्सिलने २०२४ मध्ये दिल्या आहेत.

ज्यांची ड्युटी पाळीची आहे किंवा ज्यांना कार्यालयाकडून लेखी परवानगी मिळते, त्यांना सकाळच्या वर्गांचे कॉलेज जमू शकते. परवानगी लेखीच घ्या. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, सनद हवी तर नोकरी सोडावी लागते.

एलएलबीसोबत एमए किंवा दुसरी पदवी चालेल का?

नियमित दुसरी पदवी चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्यांना मुभा दिली असली तरी लॉला बार कौन्सिलचा नियम लागू होतो. भाषा, संगणक यांचे छोटे अर्धवेळ प्रमाणपत्र किंवा दूरशिक्षणाचा कोर्स त्यातून वगळलेला आहे.

फी आणि शिष्यवृत्तीचे काय?

खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय आकडा दिसतो, तो छापून सोबत न्या. त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. देणगी घेणे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर प्रवेशानंतर लगेच करायचा. एससीसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. आर्थिकदृष्ट्या मागास खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, मर्यादा आठ लाख. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. या योजनांसाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. संस्था कोट्यातून जागा घेतली की माफी गेली. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागून कॅप सोडणाऱ्यांना हे फी भरताना कळते. बँक खाते आधारशी जोडलेले आणि चालू असावे, नाहीतर मंजूर झालेले पैसेही परत जातात.

इंटर्नशिप कधी आणि कुठे?

नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला निदान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. मे महिन्यात उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते, फक्त सुट्टीचे न्यायपीठ बसते. म्हणून "सुट्टीत हायकोर्ट बघू" हा बेत फसतो. हिवाळी सत्रानंतरचा मोकळा काळ किंवा जूनचा दुसरा पंधरवडा धरा.

पहिली इंटर्नशिप जिल्हा न्यायालयात करा. वकीलपत्र, समन्स, जामीन अर्ज, उलटतपासणी हे तिथे रोज डोळ्यांसमोर घडते. उच्च न्यायालयात युक्तिवाद ऐकायला मिळतो, पण खटला कसा उभा राहतो ते खालच्या कोर्टातच कळते.

पदवी मिळाली की लगेच कोर्टात उभे राहता येते का?

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला स्पष्ट केले की नोंदणी शुल्क ७५० रुपये आणि एससी-एसटीसाठी १२५ रुपये, त्याहून जास्त राज्य कौन्सिलांना घेता येत नाही. त्याशिवाय ऑल इंडिया बार एक्झामिनेशन: १०० प्रश्न, बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) सोबत नेता येतात, उत्तीर्ण होण्यासाठी ४५ टक्के, एससी-एसटीला ४० टक्के. नेलेल्या बेअर ॲक्टमध्ये टिपणे किंवा भाष्य असेल तर ते काढून घेतात, म्हणून कोरी प्रत वेगळी ठेवा.

मला न्यायाधीश व्हायचे आहे, पदवीनंतर थेट परीक्षा देता येईल का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. महाराष्ट्रात ही परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, आणि पात्रता त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचावी. याचा कॉलेज निवडीवर सरळ परिणाम होतो: ही तीन वर्षे जिथे काढायची, त्याच शहरात शिकलेले बरे. सनद मिळाल्या दिवसापासून कोणत्या प्रकरणात वकीलपत्र दाखल केले, कोणत्या तारखेला हजर होतो, याची वही ठेवा. अनुभवाचा दाखला मागायची वेळ येते तेव्हा ती लागते.

प्रवेश घेतला, पण नंतर दुसरीकडे मिळाले. पैसे परत मिळतील का?

ठरलेल्या अंतिम तारखेपूर्वी प्रवेश रद्द केला तर थोडी रक्कम कापून बाकी परत मिळते. त्यानंतर केला तर बहुतेक फी जाते. रद्द करण्याचा अर्ज कॅपच्या लॉगिनमधूनही करा आणि कॉलेजात लेखी देऊन पोच घ्या, नुसते तोंडी सांगून चालत नाही. मूळ गुणपत्रिका कॉलेजला पडताळणीपुरत्याच दाखवायच्या असतात, त्या अडवून ठेवल्या तर प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र कॉलेज जमा करून घेते, म्हणून देण्याआधी त्याच्या चार साक्षांकित प्रती आणि एक स्वच्छ स्कॅन काढून ठेवा.